२० टॅब, एक टीव्ही, फायबरची एक लाइन: शाळेत आधी कशाला हात घालावा?

घाटमाथा_शाळा यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते सातवी, पट १८०. सात खोल्या एका ओळीत, पुढे व्हरांडा, दीड फुटाच्या दगडी भिंती, वर पत्रे. फायबरची लाइन ऑफिसपर्यंत आली आहे, कागदावर वेग ३० एमबीपीएस. एका कंपनीच्या सामाजिक निधीतून २० अँड्रॉइड टॅब (३ जीबी रॅम, ३२ जीबी जागा) आणि ४३ इंची टीव्ही मिळाला. शिवाय ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडीचा एक जुना लॅपटॉप आहे, त्याची बॅटरी अजून तासभर टिकते.

अडचणी अशा. वीस टॅब एकदम लावले की पाच-सहा टॅबवर व्हिडिओ चालतो, बाकीच्यांवर नुसतं गोल फिरत राहतं. शेवटच्या खोलीत वायफाय पोचतच नाही. दुपारी वीज जाते ती दीड-दोन तास. सगळे टॅब एका शिक्षकांच्या खासगी जीमेलवर सुरू केलेले आहेत. मुलांच्या हाती टॅब दिला की त्यावर काय उघडेल याची धास्ती. आणि वर्गांचे व्हॉट्सॲप ग्रुप: गृहपाठाच्या मध्येच सुप्रभात, लग्नपत्रिका, 'जमीन विकणे आहे'.

शाळा व्यवस्थापन समिती ४० हजारांपर्यंत खर्चाला तयार आहे. समितीतल्या दोघांचं म्हणणं, लाइन १०० एमबीपीएसची करून टाका, प्रश्न मिटेल. खरंच मिटेल का?

तार_आणि_टोक यांचं उत्तर:

नाही मिटणार, सर. समितीला हिशोब दाखवा. साध्या दर्जाच्या, म्हणजे ४८०पी व्हिडिओला एक ते दीड एमबीपीएस लागतो. वीस टॅबचे झाले साधारण २५. म्हणजे कागदावर ३० पुरायला हवेत. पुरत नाहीत याची कारणं दोन, आणि १०० ची लाइन घेतली तरी दोन्ही जागच्या जागी राहतात.

पहिलं कारण, टॅब गुपचूप अपडेट उतरवत असतात. वीस टॅब वायफायला जोडले की वीसही एकदम सुरू होतात. एका सिस्टिम अपडेटचे दोन-तीन जीबी धरा, वीसांचे ४०-६० जीबी झाले. हे आजच बंद करा, पैसे लागत नाहीत. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये ॲप आपोआप अपडेट करणं बंद. डेव्हलपर पर्यायांमध्ये 'ऑटोमॅटिक सिस्टिम अपडेट्स' बंद. मग महिन्यातून एकदा, शाळा सुटल्यावर, चार-चार टॅब घेऊन हातानं अपडेट करायचे.

दुसरं कारण, फायबरचा डबा (ओएनटी) घरगुती असतो. त्याच्या वायफायवर दहा-बारा उपकरणं चढली की तो धापा टाकतो, लाइन मोकळी असली तरीही. दगडी भिंतीतून ५ गिगाहर्ट्झ जवळजवळ जातच नाही आणि २.४ गिगाहर्ट्झ एका भिंतीनंतर अर्धमेला होतो. म्हणून सातही खोल्यांत वायफाय पोचवायच्या फंदात पडू नका. टॅब वीसच आहेत, एका वेळी एकच वर्ग ते वापरणार. मधली एक खोली टॅबची ठरवा. ऑफिसपासून तिथपर्यंत कॅट-६ केबल ओढा आणि छताला ड्युअल बँड (२.४ आणि ५ दोन्ही देणारा) ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पसरवणारा वेगळा डबा, लावा, चार ते सहा हजारांत मिळतो. केबल शुद्ध तांब्याचीच मागा. स्वस्त केबलमध्ये ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा असतो. त्याच केबलमधून ॲक्सेस पॉइंटला वीज द्यायची असली, की लांब अंतरावर व्होल्टेज पडतं आणि ॲक्सेस पॉइंट दिवसातून चार वेळा बंद होऊन सुरू होतो. दोष मात्र सगळे लाइनला देतात. केबलची मर्यादा १०० मीटर, तुमच्या ओळीला पुरून उरेल. टॅब ५ गिगाहर्ट्झवर ठेवा. २.४ चालू ठेवायचं असेल तर चॅनल १, ६ किंवा ११ पैकी एक, रुंदी २० मेगाहर्ट्झ.

आता मुख्य गोष्ट. एकच व्हिडिओ वीस टॅब बाहेरून वीसदा ओढतात, हीच मुळात चूक आहे. पाठ एकदा शाळेत उतरवून घ्या आणि आतल्या आत वाटा. त्यासाठी तुमचा जुना लॅपटॉप उत्तम आहे, नवं काही घेऊ नका. त्यावर 'कोलिब्री' नावाचं शिकण्याचं सॉफ्टवेअर बसवा. ते फुकट आहे आणि इंटरनेटशिवाय चालण्यासाठीच बनवलेलं आहे. बसवताना प्रशासकाचं खातं तयार होतं, ते शाळेच्या नावानं करा. मग चॅनल (पाठांचा संच) निवडून रात्री उतरवायला लावा. सगळं चॅनल आंधळेपणानं घेऊ नका, घटक पाहून घ्या, नाहीतर २५६ जीबी बघता बघता भरतात. सोबत 'किविक्स'वर (इंटरनेटशिवाय विकिपीडिया वाचायचं ॲप) मराठी विकिपीडियाची फाइल, 'फेट' या संकेतस्थळाचे विज्ञानाचे प्रयोग (एकेक प्रयोग म्हणजे काही एमबीची एकच फाइल, मराठीतही आहेत) आणि बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ ठेवा.

लॅपटॉप राउटरला, म्हणजे फायबरच्या डब्याला, केबलनंच जोडा. तोही वायफायवर ठेवला तर प्रत्येक व्हिडिओ हवेतून दोनदा जातो आणि वेग निम्मा होतो. राउटरमध्ये त्याचा पत्ता कायमचा बांधून टाका, समजा १९२.१६८.१.५०. मग टॅबच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.५०:८०८० टाकलं की कोलिब्री उघडतं. त्याचा शॉर्टकट मुख्य पडद्यावर ठेवा, मुलांना आकडे टाइप करायला लावू नका.

दिवा_गेला यांचं उत्तर:

वरचं सगळं बरोबर, फक्त क्रम बदला. आधी वीज. दुपारी दोन तास डबा बंद राहणार असेल तर ॲक्सेस पॉइंट कितीही चांगला घ्या, तासिका बुडणारच. आणि दोन-तीन तासिका बुडाल्या की शिक्षक टॅब कपाटात ठेवतात ते कायमचे. बहुतेक शाळांत सामान असं अडगळीत जातं.

हिशोब: टीव्ही ८० वॅट, डबा आणि ॲक्सेस पॉइंट मिळून २०, लॅपटॉप ५०. एकूण १५०. बारा व्होल्टची १५० एएच ट्युब्युलर बॅटरी म्हणजे १८०० वॅट-तास. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली रोज उतरवली तर ती दोन वर्षांत जाते, म्हणून ९०० धरा. इन्व्हर्टरमध्ये २० टक्के जातात, उरले ७२०. साडेचार तास आरामात निघतात. बॅटरीसकट २० ते २५ हजार, मॉडेलनुसार. तुमच्या ४० हजारांतला मोठा वाटा इथे जाऊ द्या. बॅटरीत दर दोन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटरच घाला, बोअरचं पाणी अजिबात नको.

इन्व्हर्टरवर टॅबचं चार्जिंग लावू नका. वीस टॅब गुणिले दहा वॅट, म्हणजे दोनशे वॅट नुसते चार्जिंगचेच. ते सकाळी वीज असताना उरकायचं. चार्जिंग चालू असताना लोखंडी कपाटाचं दार बंद ठेवायचं नाही. आत उष्णता कोंडते, बॅटऱ्या फुगतात. मागच्या बाजूला भोकं पाडून घ्या किंवा उघड्या लाकडी खणांत लावा.

दोन गोष्टी इलेक्ट्रिशियनला सांगून करून घ्या. एक, अर्थिंग. दोन, व्होल्टेज कमी-जास्त झालं की पुरवठा तोडणारा कटऑफ. खेड्यात न्यूट्रल सुटला की सिंगल फेजच्या सॉकेटवर ३०० च्या वर व्होल्ट येतात आणि एका झटक्यात टीव्ही, डबा, चार्जर सगळं जातं. कटऑफ हजार-दीड हजाराचा असतो. आणि वळवाच्या दिवसांत ढग दिसले की प्लग काढून ठेवायचा. फायबर काचेची असते, तिच्यातून वीज येत नाही. डबा जळतो तो अडॅप्टरच्या वाटेनं.

पैसे कमी पडले तर निदान डब्यासाठी १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस घ्या. अडॅप्टरवर १ अँपिअर लिहिलंय, दीड की दोन, ते आधी वाचा.

घाटमाथा_शाळा:

दोघांचेही आभार. इन्व्हर्टरचा ठराव समितीत झाला. दरम्यान कोलिब्री बसवून पाहिलं. लॅपटॉपवर नीट उघडतं, टॅबवर पान उघडतच नाही. काही टॅबवर उघडलं, पण लाइन बंद असताना टॅब वायफाय सोडून देतात. आणि डब्यावर मध्येच लाल दिवा येतो, तेव्हा काय करायचं?

तार_आणि_टोक:

टॅबवर पान न उघडण्याची कारणं तीनच असतात. या क्रमानं बघा.

लॅपटॉपवर विंडोज असेल तर नेटवर्क 'पब्लिक' लागलेलं असणार. ते 'प्रायव्हेट' करा आणि फायरवॉलमध्ये कोलिब्रीला परवानगी द्या. दहापैकी आठ वेळा इथेच अडतं. ते झालं असेल तर टॅब पाहुण्यांच्या वायफायवर आहेत का बघा. 'गेस्ट' नेटवर्कमध्ये उपकरणांना एकमेकांशी बोलू देत नाहीत, बाहेर जाऊ देतात फक्त. ॲक्सेस पॉइंटमध्ये 'आयसोलेशन' नावाची खूण असते, तीही काढा. तिसरं, लॅपटॉप झोपतो. झाकण मिटल्यावर काहीच करू नये आणि चार्जर लावलेला असताना झोपू नये, अशी सेटिंग करा.

टॅब वायफाय सोडतात कारण अँड्रॉइडला वाटतं, इंटरनेट नाही म्हणजे हे वायफाय कामाचं नाही. पहिल्यांदा जोडताना 'इंटरनेट नाही, तरी जोडलेले राहायचे का' असं विचारतं. तिथे 'हो' आणि 'पुन्हा विचारू नका'. विचारत नसेल तर ते नेटवर्क विसरायला लावून, लाइन बंद असताना परत जोडा, मग विचारेल. टॅबमध्ये सिम असेल तर काढून टाका, नाहीतर तो मोबाइल डेटावर पळतो.

लाल दिव्याखाली 'एलओएस' लिहिलं असेल तर प्रकाशच येत नाहीये. तार तुटली, जास्त वाकली किंवा टोक निघालं. डबा बंद-चालू करून उपयोग नाही, वेळेची नोंद करून तक्रार द्या. 'पॉन'चा दिवा नुसता लुकलुकत असेल तर प्रकाश येतोय पण पलीकडे नोंद होत नाही, तेव्हा पाच मिनिटं बंद ठेवून चालू करून बघायला हरकत नाही. भिंतीजवळ तार गुंडाळून ठेवली असेल तर वेटोळं हाताच्या पंज्याएवढं तरी मोठं असू द्या. खिळ्याला करकचून बांधलेली तार हळूहळू मरते.

पाचवीच्या_बाई यांचं उत्तर:

ग्रुपबद्दल सांगते. गृहपाठ ग्रुपवर टाकणं थांबवा. कित्येक घरांत स्मार्टफोन एक, तो वडिलांच्या खिशात, वडील रानात किंवा कामावर. रात्री नऊला फोन घरी येतो तोवर मूल झोपलेलं असतं. दुसऱ्या दिवशी ज्या मुलानं गृहपाठ केला नाही त्याच्यावर ओरडा बसतो, चूक नसताना. घरात तीन भावंडं असतील तर पहिला मोठा बघतो, धाकटी राहूनच जाते. गृहपाठ फळ्यावर आणि वहीत. ग्रुपवर फक्त सूचना: सुट्टी, पालकसभा, लसीकरण, आधार अपडेट, शिष्यवृत्तीचा अर्ज.

सुप्रभात बंद करायचं तर ग्रुपच्या परवानग्यांत जाऊन संदेश पाठवण्याचा हक्क फक्त ॲडमिनना ठेवा आणि नवीन सदस्याला ॲडमिनची मंजुरी लागेल असं करा. त्याहून चांगलं म्हणजे वेगवेगळ्या ग्रुपांऐवजी शाळेची एक 'कम्युनिटी'. तिच्या घोषणांच्या ग्रुपमध्ये पालकांना एकमेकांचे क्रमांक दिसत नाहीत. आयांचे क्रमांक अख्ख्या गावाला दिसणं हा छोटा प्रश्न नाही, याच कारणानं अनेक आया ग्रुप सोडतात. ब्रॉडकास्ट यादीच्या वाटेला जाऊ नका. ज्यांनी शाळेचा क्रमांक साठवलेला नाही त्यांना तो संदेश पोचतच नाही, आणि आपल्याला वाटतं सगळ्यांना गेला.

शाळेसाठी वेगळं सिम घ्या, ते मुख्याध्यापकांच्या ताब्यात. पालकांशी बोलायची वेळ ठरवून लिहा, समजा पाच ते सहा. बाकी वेळ बाईंनाही घर असतं.

ग्रुपवर मुलांचे गुण, परीक्षेचे पेपर, कोण गैरहजर हे टाकायचं नाही. ते त्या-त्या पालकाशी बोलायचं. आणि ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांची शाळा असेल तर क्रमांक वर्षातून दोनदा तपासा: जूनमध्ये आणि दिवाळीनंतर. हंगामाला गेल्यावर लोक सिम बदलतात. बंद पडलेला क्रमांक ९० दिवसांनंतर दुसऱ्या कुणाला मिळू शकतो, मग मुलाची माहिती तिऱ्हाइताकडे जाते. त्या पालकांना शाळेतून फोन करणं हाच खरा मार्ग, आजी-आजोबांकडे राहिलेल्या मुलांसाठी तर फारच गरजेचा.

टॅबच्या तासिकेबद्दल एकच. दोन मुलांत एक टॅब द्या, २० टॅबवर ४० मुलं बसतात. २५ मिनिटं टॅब, मग टॅब पालथे आणि वहीत लिहिणं. टॅबवर १ ते २० आकडे रंगवा आणि जोड्या वर्षभर त्याच ठेवा. कोणत्या टॅबची काच कधी फुटली हे मग आपोआप कळतं, कुणाला पकडावं लागत नाही.

बालहक्क_सोलापूर यांचं उत्तर:

खासगी जीमेलचा प्रश्न सगळ्यात तातडीचा आहे, आणि त्याच्यावर अजून कुणी बोललं नाही. त्या शिक्षकांचे फोटो, संपर्क, ईमेल वीस टॅबवर मुलांच्या हातात आहेत. शिवाय उद्या त्यांची बदली झाली आणि एखादा टॅब अडकला म्हणून कुणी बटणं दाबून रिसेट केला, तर तो जुन्याच खात्याचा पासवर्ड मागत बसतो. मग ते सर दुसऱ्या तालुक्यात आणि टॅब दगड झालेला. म्हणून ते सर शाळेत असतानाच करा: आधी सेटिंगमधून खातं काढा, मगच तिथूनच फॅक्टरी रिसेट. शाळेच्या नावाचं नवं खातं, त्याला शाळेचं सिम जोडलेलं, कार्ड किंवा यूपीआय काहीही जोडायचं नाही, संपर्क आणि फोटोंचं सिंक बंद. पासवर्ड बंद पाकिटात, मुख्याध्यापकांच्या कपाटात. पदभार देता-घेताना डेड स्टॉक (शाळेच्या सामानाच्या) नोंदवहीसोबत हे पाकीटही द्यायचं, तशी नोंद करायची.

मुलांना काय दिसावं याला दोन थर हवेत. टॅबवर 'ॲप पिन' चालू करा, सोडवायला पिन मागेल असं. मग ब्राउझरमधून बाहेर पडता येत नाही. पण ब्राउझरमध्ये दुसरा पत्ता टाकता येतोच, म्हणून दुसरा थर राउटरवर: डीएनएस (साइटचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदलून १.१.१.३ आणि १.०.०.३ टाका, त्यात अश्लील आणि घातक साइट अडतात. यूट्यूब आणि गूगलचा सुरक्षित शोधही सक्तीचा हवा असेल तर १८५.२२८.१६८.१६८ आणि १८५.२२८.१६९.१६८. यात यूट्यूबवरच्या प्रतिक्रिया दिसत नाहीत, ते चांगलंच, पण कधी चांगला व्हिडिओही अडतो. म्हणून ऑफिसचं वायफाय वेगळ्या नावानं, वेगळ्या पासवर्डनं ठेवा. यू-डायस, सरल, शालार्थ या सरकारी पोर्टलांची कामं तिकडून. काही कंपन्यांच्या डब्यात डीएनएस बदलता येत नाही, तेव्हा डब्यामागे स्वतःचा राउटर लावावा लागतो. टॅबमधलं 'प्रायव्हेट डीएनएस' बंद आहे ना, हे वीसही टॅबवर बघा, नाहीतर गाळणी वळसा घालून चुकवली जाते.

गाळणी लावली म्हणजे शिक्षकानं टेबलावर बसावं असं नाही. बाकं अशी लावा की सगळे पडदे मागून एका नजरेत दिसतील.

कायद्याचं: २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल धरलं आहे, आणि मुलाची माहिती वापरायला पालकाची संमती हा त्याचा गाभा आहे. तेव्हा मुलाचं नाव, जन्मतारीख, मोबाइल मागणारं कुठलंही ॲप शिक्षकांनी परस्पर बसवू नये. कोलिब्रीमध्ये मुलांची खाती करताना 'टॅब०७-अ' असं नाव पुरतं. शाळेच्या फेसबुक पानावर मुलांचे फोटो टाकायचे तर प्रवेशाच्या वेळी लेखी संमती घ्या, 'नाही'ची चौकट ठेवा, आणि 'नाही' म्हणणाऱ्याचं मूल कार्यक्रमातून बाजूला काढू नका.

एक गोष्ट शिक्षकांच्या सभेत आधीच सांगून ठेवा. एखाद्या मुलीचा फोटो बिघडवून कुणी फिरवला, तर 'पुरावा' म्हणून तो ग्रुपवर किंवा मुख्याध्यापकांना पुढे पाठवायचा नाही, आपल्या फोनमध्ये साठवायचा नाही. तसं करणं स्वतःच गुन्हा ठरू शकतं आणि त्या मुलीचा त्रास वाढतो. कुणी पाठवला, कुठल्या खात्यावरून, किती वाजता हे कागदावर लिहा, मूळ फोन तसाच ठेवा आणि पोलिसांना कळवा. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार कळवणं बंधनकारक आहे, 'गावात मिटवू' हा पर्याय नाही. मुलांसाठी हेल्पलाइन १०९८. पैशांची फसवणूक झाली तर १९३०, आणि तेही लगेच, कारण पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत अडवावे लागतात. शिष्यवृत्तीच्या नावानं .एपीके (ॲप बसवणारी) फाइल आली तर कुणीही उघडू नये, हे पालकसभेत मोठ्यानं सांगा. शाळेच्या ग्रुपवर शाळा अशी फाइल कधीच पाठवणार नाही, हे वाक्य ग्रुपच्या माहितीत लिहून ठेवा.

माध्यमिक_मराठी:

मध्येच विचारतो. आमच्याकडे आठवी ते दहावी. निबंध चॅटजीपीटीवरून उतरवून येतात. बंदी घालावी का?

पाचवीच्या_बाई:

घरी फोन असताना शाळेतली बंदी चालत नाही, सर. ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरवर तर विसंबूच नका, विशेषतः मराठीत. स्वतः लिहिणाऱ्या मुलावर आळ येतो. निबंध वर्गात लिहून घ्या, ३५ मिनिटांत. घरी द्यायचं तर असं द्या जे यंत्राकडे नाही: तुमच्या आठवडी बाजारात आज कांद्याचा भाव काय होता आणि तो कुणी ठरवला, आजीच्या तोंडची पाच कामाची क्रियापदं आणि ती कुठे वापरतात. आणि जमा करताना दोन मिनिटं तोंडी विचारा, 'हा शब्द इथे का घेतलास?' उत्तर येतं की नाही त्यावरून कळतं. चॅटजीपीटीच्या अटींतच १३ वर्षांखालच्यांना मनाई आणि १८ पर्यंत पालकांची परवानगी आहे, हे पालकांना सांगा. त्याचा मराठी परिच्छेद फळ्यावर लिहून मुलांकडून त्यातल्या चुका काढून घेण्याची तासिका मात्र जरूर घ्या.

घाटमाथा_शाळा:

खूप मदत झाली. शेवटचं: मे महिन्यात शाळा बंद. टॅब, लॅपटॉप, बॅटरी कसं ठेवायचं?

दिवा_गेला:

टॅब ५० टक्क्यांच्या आसपास चार्ज करून पूर्ण बंद करा, नुसता पडदा मिटवून नाही. शंभर टक्के भरून किंवा शून्यावर ठेवलेली बॅटरी उन्हाळ्यात खराब होते, आणि तुमच्याकडे पत्र्याखाली दुपारी ४५ च्या वर जात असेल. पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. ग्रामपंचायतीची स्लॅबची खोली किंवा तशीच कुठली थंड जागा बघा, नोंदवहीत सह्या घेऊन ठेवा. मध्ये एकदा, महिन्याभरानं, कुणीतरी जाऊन ५० पर्यंत परत भरायचे. लॅपटॉपचंही तेच. इन्व्हर्टरच्या बॅटरीचं उलटं: ती पूर्ण भरलेली हवी, पाण्याची पातळी बघून. मेन स्विच पूर्ण पाडणार असाल तर बॅटरीची तार काढून ठेवा, नाहीतर इन्व्हर्टर तिला महिनाभर थोडं थोडं पीत राहतो. शाळा उघडायच्या दोन दिवस आधी सगळं लावून बघा, आणि टॅबची तारीख-वेळ तपासा. ती मागे गेलेली असली की सुरक्षित साइट उघडत नाहीत आणि सगळे लाइनला दोष देत बसतात.